मेणबत्तीच्या उजेडात शरीराच्या आत: बोझिनीचा लिश्टलायटर चालत होता की नव्हता?

दिवेलागण

एंडोस्कोपीचा इतिहास कुठेही वाचायला घ्या, पहिल्या परिच्छेदात फिलिप बोझिनी भेटतोच. जन्म माइन्झ, १७७३. पुढे फ्रँकफर्टमध्ये वैद्यकी. १८०६ मध्ये हुफेलांडच्या वैद्यकीय नियतकालिकात त्याने आपल्या यंत्राचं वर्णन छापलं, १८०७ मध्ये वायमारहून पुस्तिका काढली आणि १८०९ मध्ये टायफसने गेला. वय पस्तीस.

यंत्राचं नाव लिश्टलायटर, म्हणजे सरळ मराठीत प्रकाशवाहक. फुलदाणीच्या घाटाचा, साधारण ३५ सेंटिमीटर उंच, धातूचा पोकळ डबा, वरून चामडं मढवलेलं. आत मेणाची बत्ती आणि अंतर्वक्र आरसा. एका अंगाला डोळा लावायचं भोक, त्याच्या बरोबर समोर नळ्या बसवायची जागा. नळ्या वेगवेगळ्या: मूत्रमार्ग, गुदद्वार, योनी, कान, घसा. घशाच्या नळीच्या टोकाला आरसे, म्हणजे कोपऱ्यापलीकडचं दिसावं. संपूर्ण यंत्रात भिंग एकही नाही.

आता प्रश्न. व्हिएन्नाच्या वैद्यकीय फॅकल्टीने हे यंत्र नाकारलं, हे सगळीकडे वाचायला मिळतं. कारणं मात्र दोन सांगतात. एक गट म्हणतो राजकारण झालं, दुसरा म्हणतो मुळात उजेडच पुरेसा नव्हता. राजकारणाचं नंतर बघू. मला आधी हे कळायला हवंय की एका मेणबत्तीत आतलं खरोखर किती दिसेल? आकड्यांत सांगणारं कोणी आहे का इथे?

खडूस

म्हणजे लोडशेडिंगमधली एंडोस्कोपी.

भिंगरी

आकडे मी देते. हिशेब ढोबळ आहे, पण चित्र स्पष्ट होतं.

मेणबत्तीची प्रकाशतीव्रता सुमारे १ कँडेला धरा, एककाचं नावच तिच्यावरून आलंय. आरसा तूर्त विसरा. ज्योतीपासून नळीचं तोंड ५ सेंटिमीटरवर आहे असं समजा. उजेड अंतराच्या वर्गाने घटतो, त्यामुळे नळीच्या तोंडाशी ४०० लक्स पडतात (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप). लिहायच्या टेबलावर असावा तितका उजेड. नळी ८ सेंटिमीटर लांब असेल तर टोकाशी ज्योतीपासूनचं अंतर १३, उरले सुमारे ५९ लक्स. नळी १५ सेंटिमीटरची असेल तर २५ लक्स. आणि ४७ सेंटिमीटरची असेल (हा आकडा मुद्दाम घेतलाय, तलवार गिळणाऱ्याच्या जठरात नळी घालणाऱ्या कुसमाउलचं नाव कोणीतरी काढणारच) तर ४ लक्सपेक्षाही कमी. आजच्या शस्त्रक्रियेच्या दिव्याखाली ४०,००० लक्स आणि त्याहून जास्त असतात.

आता २५ लक्समध्ये दिसतं का? दिसतं. श्लेष्मल त्वचा पडलेल्या उजेडाचा पाचवा हिस्सा परत फेकते असं धरलं तर तिची चकाकी दर चौरस मीटरला दीड कँडेलाच्या आसपास येते. इथे डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी अजून काम करत असतात. ४ लक्सला हीच चकाकी पाव कँडेला होते, आणि तिथे रंग विटायला लागतात. आकार दिसेल, पण हा भाग सुजून लाल झालाय की मुळातच गुलाबी आहे हे सांगता येणार नाही. तपासणीचा तर तोच हेतू.

शिवाय मेणबत्तीचा उजेड पिवळट-नारिंगी, रंगतापमान १९०० केल्विनच्या आसपास. त्यात निळा भाग जवळजवळ नाहीच, त्यामुळे लाल रंगाच्या छटा एकमेकींत मिसळतात. उजेड कमी, त्यात रंगही नेमका चुकीचा.

सायली_के

पण अंतर्वक्र आरसा होता ना? तो धरला तर हिशेब बदलेल की.

भिंगरी

बदलतो, पण वाटतो तितका नाही. आरशाच्या वक्रताकेंद्रावर ज्योत ठेवली तर उजेड फिरून ज्योतीवरच येतो. ज्योत बऱ्यापैकी पारदर्शक असते, म्हणून तो तिच्यातून पार होतो आणि फार तर दुप्पट मिळतो. नाभीवर ठेवली तर किरण समांतर निघतात, नळीच्या टोकाकडून बघितलं तर आरसाच ज्योतीसारखा उजळलेला दिसतो. हे जास्त फायद्याचं. पण १० मिलिमीटर व्यासाच्या, १५ सेंटिमीटर लांब नळीतून मागचा आरसा दिसून दिसून किती दिसणार? दीड-पावणेदोन सेंटिमीटरचं वर्तुळ. म्हणून एकूण फायदा दुप्पट-तिप्पट. २५ लक्सचे साठ-सत्तर होतील.

इथे एक नियम कायमचा ध्यानात ठेवावा: आरसा किंवा भिंग वापरून कुठल्याही उगमाची चकाकी वाढवता येत नाही. मोठा आरसा लावला तर जास्त कोनातून उजेड येईल, पण ज्योतीपेक्षा झगझगीत काही होणार नाही. पुढची सत्तर वर्षं सगळ्यांनी डोकं आपटलं ते याच भिंतीवर.

आणि समांतर किरणांचा खेळ ज्योत नेमकी नाभीवर असेल तरच चालतो. पाच मिलिमीटर खाली सरकली की झोत नळीच्या काठावर आपटतो. बारीक मेणबत्ती तासाला दोन-तीन सेंटिमीटर जळते. म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत खेळ खलास.

तांबट_आळी

यावर बोझिनीने तोडगा काढला होता, आणि मला तरी या यंत्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच वाटते. मेणबत्ती उघडी नाही, धातूच्या नळकांड्यात आहे. खाली स्प्रिंग. वर टोपीला मेणबत्तीपेक्षा किंचित लहान भोक, त्यातून फक्त वात आणि वितळणारं टोक वर येतं. मेण जळेल तशी स्प्रिंग मेणबत्ती वर ढकलते, ज्योत टोपीच्या उंचीवरच राहते. घोडागाडीच्या जुन्या दिव्यांत हीच रचना सापडते.

बिघडतं कुठे ते सांगतो. टोपी तापते. मेण मऊ असेल तर कडा भराभर वितळतात, मेण ओघळून नळकांड्यात उतरतं, थिजलं की मेणबत्ती अडकते. वर सरकणं बंद, ज्योत खोल जाऊन गुदमरते. उलट स्प्रिंग जास्त ताठ असेल तर मऊ झालेली मेणबत्ती टोपीतून बाहेर फेकली जाते. म्हणून मधमाशांचं मेण हवं, ते ६२ ते ६४ अंशांना वितळतं. चरबीची बत्ती इथे कामाची नाही, स्वस्तातलं पॅराफिनही नाही. (पॅराफिन बोझिनीला मिळणारही नव्हतं, ते नंतरचं.)

दुसरी कटकट वातीची. आज आपण वापरतो ती विणलेली वात, जळता जळता वाकते आणि तिचं टोक ज्योतीच्या कडेला येऊन आपोआप राख होतं. ही वात १८२० च्या दशकातली. त्याआधी नुसती पिळाची वात. ती सरळ उभी राहते, डोक्यावर काजळीचं बोंड धरते, ज्योत तांबडी होते आणि धूर ओकते. म्हणजे थोड्या थोड्या वेळाने डबा उघडून वातीचं टोक कापणं आलं. धुराची काजळी आरशावर बसते ती निराळीच. भिंगरीताईंचा दुप्पट-तिप्पटचा हिशेब स्वच्छ आरशाचा आहे, अर्ध्या तासानंतरच्या आरशाचा नाही.

खडूस

म्हणजे पेशंटला म्हणायचं, तसेच पडून राहा, वात कापून येतो.

पडजीभ

घशाच्या बाजूने दोन गोष्टी.

बोझिनीचं खरं डोकं उजेड वाढवण्यात नाही, उजेड आणि नजर वेगळे करण्यात आहे. डोळ्यासमोर ज्योत असेल तर बाहुली आकसते, अंधाराला सरावलेला डोळा क्षणात निकामी होतो. मग भिंगरी यांचे २५ लक्स असून नसल्यासारखेच. त्याने डब्यात उभा पडदा घातला. ज्योत पडद्याच्या एका बाजूला, नजर दुसऱ्या. घशाच्या नळीतही हेच: मधून उभी फाळणी, एका वाटेने उजेड जातो, टोकाच्या आरशावरून वळतो, दुसऱ्या वाटेने प्रतिमा दुसऱ्या आरशावरून परत येते. किंमत अशी मोजावी लागते की नळीची अर्धीच रुंदी नजरेला उरते.

पुढे १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झचा डोळे तपासायचा आरसा आला आणि दुसरा मार्ग सापडला. उजेडाची आणि नजरेची रेघ एकच ठेवायची. मधे भोक पाडलेला आरसा तेच करतो. कान-नाक-घसा तज्ज्ञाच्या डोक्यावरचा गोल आरसा हा याचाच वंशज. सुमारे ९ सेंटिमीटर व्यास, मधे दोनेक सेंटिमीटरचं भोक, नाभीय अंतर वीस-पंचवीस सेंटिमीटर. दिवा रुग्णाच्या कानामागे थोडा वर, आरसा डॉक्टरच्या डोळ्यावर, आणि भोकातून बघायचं. दोन्ही डोळे उघडे. नवशिके आरसा कपाळावर ठेवून त्याच्या खालून बघतात, मग उजेड एकीकडे आणि नजर भलतीकडे.

दुसरं म्हणजे वाफ. याबद्दल इतिहासाची पुस्तकं काही बोलत नाहीत. गार धातू किंवा काच घशात गेली की श्वासातली वाफ तिच्यावर जमते, दोन सेकंदांत आरसा आंधळा. छोट्या हातआरशाची रीत ठरलेली: स्पिरिटच्या दिव्यावर काचेची बाजू खाली धरून गरम करायचा, मग पाठीची धातूची बाजू आपल्या हातावर टेकवून चटका बसत नाही ना बघायचं, मगच घशात. जीभ गॉजने धरून पुढे ओढायची, आरशाची पाठ मऊ टाळूला टेकवून पडजीभ वर उचलायची, जिभेच्या मुळाला स्पर्श करायचा नाही, नाहीतर उमासा. रुग्णाला 'ई' म्हणायला लावायचं. दिसणाऱ्या प्रतिमेत पुढचं-मागचं उलटतं, डावं-उजवं नाही.

बोझिनीच्या नळीत दोन आरसे, दोन्ही बंद नळीत. ते कोमट करून घेतल्याशिवाय घशात काहीही दिसणं अशक्य. आणि स्थानिक भूल? कोकेनचा तसा उपयोग १८८४ चा. त्याआधी उमासा आवरणं फक्त रुग्णाच्या हातात.

सायली_के

छान माहिती. 'पडजीभ' हा आयडी आत्ता कळला. :ड

शास्त्रीबुवा

नेहमीप्रमाणे युरोपपासून सुरुवात. सुश्रुतसंहितेत १०१ यंत्रं सांगितली आहेत, त्यांत २० नाडीयंत्रं. नाडी म्हणजे नळी. उपयोग काय सांगितलाय? शरीरात शिरलेलं शल्य काढणं, रोग पाहणं, शोषून घेणं. 'रोगदर्शन' हा शब्दच आहे. मूळव्याधीच्या यंत्राचं मापसुद्धा दिलंय: गाईच्या स्तनाच्या आकाराचं, चार अंगुळं लांब, पुरुषांसाठी पाच अंगुळं घेर, स्त्रियांसाठी सहा. पाहण्यासाठी दोन छिद्रांचं आणि कर्मासाठी एका छिद्राचं. मग पहिलं कोण?

खडूस

आला, आला. पॉपकॉर्न.

जुनी_कागदं

शास्त्रीबुवांचे संदर्भ बरोबर आहेत, थट्टा नको. पाहण्याचं वेगळं आणि कर्माचं वेगळं यंत्र, हा भेद आजही टिकून आहे. पण धाग्याचा विषय नळीचा नाही, उजेडाचा आहे. नळ्या पॉम्पेईतही सापडल्या आहेत, आणि चांगल्या सफाईदार. त्या सगळ्या सूर्यप्रकाशावर चालतात, आणि चार अंगुळं खोलीपर्यंत ऊन पुरतं. बोझिनीच्या आधी कोणी ठरवून दिवा, पडदा, आरसा आणि नळी एका यंत्रात बसवले नव्हते. त्याचा नंबर लागतो तो एवढ्यासाठी.

शास्त्रीबुवा

उजेडापुरतं मान्य. नळीचं श्रेय सोडणार नाही.

खडूस

एवढ्यात तह? निराशा झाली.

तोवर अवांतर: मराठीत या सगळ्याला 'दुर्बिणीतून तपासणी' म्हणतात. दूर काय आहे त्यात? सहा इंचांवरचं बघायला दुर्बीण? आणि दिवेलागण म्हणतात भिंग एकही नव्हतं. मग ही दुर्बीण कसली, ही तर फुंकणी.

एकवीस_फ्रेंच

खडूस यांचं 'फुंकणी' बोझिनीपुरतं एकदम चपखल. पण शब्द वाया गेलेला नाही, ते शेवटी सांगतो. मधली पायरी आधी.

मूत्राशय हा या यंत्रांचा खरा परीक्षक. वाट अरुंद, लांब, आणि आत पोकळी मोठी. नळीची जाडी आम्ही शारिएरच्या, म्हणजे फ्रेंच मापात सांगतो: १ फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर व्यास. २१ फ्रेंच म्हणजे ७ मिलिमीटर. (तोच माझा आयडी.)

पॅरिसच्या देझोर्मोने १८५३ मध्ये आपलं यंत्र मांडलं आणि 'एंडोस्कोप' हा शब्द त्याच्यामुळे रूढ झाला. त्याने मेणबत्ती काढून दिवा आणला, इंधन अल्कोहोल आणि टर्पेंटाइनचं मिश्रण. ज्योतीचा उजेड भिंगाने गोळा करून ४५ अंशात बसवलेल्या, मधे भोक असलेल्या आरशावर, तिथून नळीत, डोळा भोकामागे. म्हणजे पडजीभ म्हणतात तो दुसरा मार्ग. त्यामुळे नळीची पूर्ण रुंदी उजेडालाही मिळाली आणि नजरेलाही.

अडचणी? दिवा कायम उभाच धरावा लागतो, तिरका केला की ज्योत भडकते किंवा इंधन सांडतं. नळी मात्र रुग्णाच्या अंगाप्रमाणे तिरकी करावीच लागते, म्हणून दिवा नळीभोवती फिरेल असा सांधा. धुराड्याची उष्णता एकीकडे रुग्णाच्या मांडीला, दुसरीकडे डॉक्टरच्या गालाला. भाजणं हा या तपासणीचा नेहमीचा धोका होता.

डब्लिनच्या क्रूझने १८६५ मध्ये त्यात सुधारणा केली. पेट्रोलियममध्ये कापूर विरघळवून जाळला, दिवा महॉगनीच्या पेटीत कोंडला म्हणजे चटका कमी. आणि चपट्या ज्योतीची कड आरशाकडे केली. याचं कारण भिंगरी जास्त नीट सांगतील.

भिंगरी

सांगते. ज्योत अर्धपारदर्शक, आत काजळीचे तापलेले कण. चपटी ज्योत समोरून बघितली तर नजरेच्या वाटेत दोनेक मिलिमीटर जाडी येते. कडेने बघितली तर तिची सगळी रुंदी नजरेच्या रेषेत येते, तितके जास्त कण एकामागे एक. म्हणून कड समोरच्या बाजूपेक्षा झगझगीत. आरशाने चकाकी वाढत नाही असं वर म्हटलं होतं. क्रूझने उगमाचीच चकाकी वाढवली, आणि इंधन एक थेंबही जास्त न जाळता. मला हा माणूस आवडतो.

सायली_के

आणि तो तलवार गिळणारा कुठे गेला? वर त्याची नळी नुसती सूचित करून सोडलीत.

पडजीभ

कुसमाउल, फ्रायबुर्ग, १८६८. तलवार गिळणाऱ्याची मान मागे टाकली की तोंड, घसा आणि अन्ननलिका एका रेषेत येतात, हे त्याने हेरलं. ४७ सेंटिमीटर लांब, १३ मिलिमीटर जाड सरळ नळी त्याच्या जठरापर्यंत घातली. नळी गेली, पण देझोर्मोचा दिवा टोकाला पोचेपर्यंत थकला. शिवाय जठरातला पातळ पदार्थ सारखा आडवा येत राहिला. वाट सापडली, उजेड नाही सापडला.

एकवीस_फ्रेंच

म्हणून पुढची उडी उलट्या दिशेने. उजेड बाहेरून आत ढकलायचाच नाही, दिवा आत न्यायचा. मॅक्स नित्झेने १८७७ मध्ये ड्रेस्डेनला मृतदेहावर दाखवलं, १८७९ मध्ये व्हिएन्नात यंत्रकार योझेफ लायटरच्या मदतीने नीट यंत्र तयार झालं. टोकाला प्लॅटिनमच्या तारेचा वेढा, विजेने पांढरा तापवलेला, त्यापुढे पारदर्शक खिडकी, आणि बारीक वाहिन्यांतून सतत खेळतं पाणी. पाणी थांबलं की टोक तापतं आणि भाजतं. गळती झाली की तार विझते. बॅटरी उतरली की तार तांबडी, आणि तांबड्या उजेडात तांबडं मूत्राशय बघणं म्हणजे भिंगरी यांच्या पहिल्या प्रतिसादाकडे परत.

१८८७ च्या सुमाराला एडिसनच्या दिव्याची चिमुकली आवृत्ती टोकाला बसली आणि पाण्याचा सगळा पसारा गेला. नियम सोपा: मूत्राशयात दीडशे-दोनशे मिली स्वच्छ द्रव भरायचा, टोक द्रवात बुडाल्यावरच दिवा लावायचा, बाहेर काढण्याआधी विझवायचा. द्रवच दिव्याला थंड ठेवतो. विद्युतरोधाने प्रवाह हळूहळू वाढवायचा, तार पिवळ्यावरून पांढरी झाली की थांबायचं. हाव केली की दिवा उडाला. रक्त असेल तर द्रव गढूळ होतो, धुऊन पुन्हा भरा.

आता 'दुर्बीण'. बोझिनीच्या १० मिलिमीटर व्यासाच्या, १५ सेंटिमीटर लांब नळीतून, टोकापुढे तीन सेंटिमीटरवर असलेला जेमतेम १२ मिलिमीटरचा ठिपका दिसतो. सदऱ्याच्या बटणाएवढा. मूत्राशयाची भिंत बटणाबटणाने बघायची आणि मनात जोडत जायची. नित्झेने टोकाला रुंद कोनाचं वस्तुभिंग, मधे प्रतिमा पुढे नेणारं भिंग आणि डोळ्यापाशी नेत्रिका अशी रचना केली. ही रचना खऱ्याखुऱ्या दुर्बिणीची. आजही ऑपरेशन थिएटरात ३० अंशाचा किंवा ७० अंशाचा 'टेलिस्कोप द्या' असंच म्हणतात. तेव्हा खडूस, फुंकणी १८७९ पर्यंत. त्यानंतर दुर्बीणच.

खडूस

शब्द मागे घेतो. फुंकणी माझ्याकडेच ठेवतो.

दिवेलागण

वा. आता धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे. व्हिएन्नाचं काय?

जुनी_कागदं

क्रम असा. सम्राट दुसऱ्या योझेफने १७८५ मध्ये लष्करी शल्यचिकित्सकांसाठी योझेफ अकादमी काढली. विद्यापीठाची वैद्यकीय फॅकल्टी वेगळी, आणि दोघींचं फार काही जमत नव्हतं. बोझिनीचं यंत्र आर्चड्यूक कार्लमार्फत लष्करी अकादमीकडे गेलं. १८०६ च्या डिसेंबरात तिथे मृतदेहांवर चाचणी झाली, नंतर रुग्णांवरही. अकादमीचा सूर अनुकूल. मग मत फॅकल्टीकडे मागितलं गेलं, ते प्रतिकूल आलं आणि विषय संपला. बोझिनी ना या घरचा ना त्या घरचा, फ्रँकफर्टचा परका माणूस. दोन वर्षांत तो गेलाच, पाठपुरावा कोण करणार?

तेव्हा राजकारण होतंच. यंत्र व्हिएन्नातच राहिलं. दुसऱ्या महायुद्धानंतर शिकागोला गेलं आणि या शतकाच्या सुरुवातीला परत आलं.

एकवीस_फ्रेंच

राजकारण मान्य, पण फॅकल्टीला सरसकट मूर्ख ठरवू नका. मूत्राशयासाठी ते यंत्र निरुपयोगीच होतं: लांब नळी, बारीक व्यास, अर्धी रुंदी पडद्यात गेलेली, द्रव भरायची सोय नाही. तिथे नकार शंभर टक्के बरोबर.

पडजीभ

आणि घसा, कान, योनी, गुदाशयाचा खालचा भाग? नळी आखूड, व्यास मोठा. भिंगरी यांचे ५९ लक्स, आरशासकट शंभराच्या पुढे. तिथे ते चालत होतं. फॅकल्टीने सगळ्यात अवघड परीक्षेचे गुण सगळ्या विषयांना लावले. मनुएल गार्सियाने १८५४ मध्ये नुसता दातांच्या डॉक्टरचा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचं स्वरयंत्र पाहिलं. घसा बघायला किती कमी साधनं लागतात याचा तो पुरावा.

एकवीस_फ्रेंच

गार्सियाकडे ऊन होतं हो. मेणबत्ती आणि ऊन यांत जमीन-अस्मानाचं अंतर.

पडजीभ

पण शरीरक्रियाशास्त्रज्ञ चेर्माकने तीन-चार वर्षांत तेच दिव्यावर करून दाखवलं. तेल जाळूनच.

भिंगरी

दोघांचंही बरोबर आहे आणि फरक नळीच्या लांबीत आहे. दहा सेंटिमीटरपर्यंत पडजीभ, पुढे एकवीस_फ्रेंच.

सायली_के

कपानींचं नाव अजून कोणी घेतलं नाही याचं नवल वाटतंय. पंजाबातल्या मोगाचे नरिंदरसिंग कपानी, लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॉपकिन्सबरोबर काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेली, १९५४ मध्ये 'नेचर'मध्ये निबंध. त्यावरून पुढे हिर्शोवित्झचा लवचीक एंडोस्कोप आला.

भिंगरी

हो, आणि एक दुरुस्तीवजा भर: उघडे तंतू एकमेकांना चिकटले की उजेड एकातून दुसऱ्यात गळतो. प्रत्येक तंतूवर कमी अपवर्तनांकाच्या काचेचा थर चढवल्यावरच हिर्शोवित्झच्या गटाला १९५६-५७ मध्ये वापरण्याजोगी प्रतिमा मिळाली. दिवा पुन्हा शरीराबाहेर आला तो तंतूंमुळेच. बाहेर हवा तितका प्रखर दिवा ठेवा, उष्णता बाहेरच गाळा, आत फक्त उजेड. बोझिनीला हेच हवं होतं, त्याच्याकडे फक्त वाहक नव्हता. गंमत म्हणजे जर्मनमध्ये प्रकाशतंतूला आज 'लिश्टलायटर' असंच म्हणतात.

दिवेलागण

हे माहीत नव्हतं! धागा काढल्याचं सार्थक.

एक शेवटचं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी याची प्रतिकृती करता येईल का?

तांबट_आळी

येईल. शरीरात काहीही घालायचं नाही, हे आधी मुलांना आणि त्यांच्या पालकांना बजावा. डबा पितळी किंवा जाड पत्र्याचा. खाली चार भोकं, वर धुराडं. हवा खालून आत, वरून बाहेर. भोकं थेट ज्योतीसमोर पाडू नका, फडफडेल, एक पत्रा आडवा लावून हवा वळवा. पडदा मधोमध उभा, नळीच्या आतही तो पुढे चालू. उजेडाची वाट आतून घासून लखलखीत, नजरेची वाट काळी, चमक नसलेली. नजरेच्या वाटेत चमक राहिली की भिंतीवरचा परावर्तित उजेड डोळ्यात शिरतो आणि टोकाचं चित्र धुरकट होतं. हीच चूक सगळे करतात. स्प्रिंग मऊच घ्या, मेणबत्ती हाताने दाबली तर सहज खाली जाईल इतकी.

टोकाशी बंद डबी, आत छापील कागद. आधी अंधारात दहा मिनिटं बसा, मग बघा. नळ्या दोन करा, ८ आणि १५ सेंटिमीटरच्या, म्हणजे वर चाललेलं भांडण मुलांना डोळ्यांनी दिसेल.

भिंगरी

कागदावर अक्षरांशिवाय गुलाबी रंगाच्या तीन जवळजवळच्या छटाही चिकटवा. लांब नळीत अक्षर वाचता येईल आणि छटा ओळखता येणार नाहीत. वैद्यकीयदृष्ट्या यंत्र कुठे हरतं ते तिथे कळतं.

खडूस

अक्षरांत 'द्ध' आणि 'ध्द' ठेवा. तो फरक दिसला तर यंत्र पास. दिवसाउजेडीही निम्म्या लोकांना दिसत नाही.

दिवेलागण

:ड ठरलं. मेणबत्ती मधमाशांच्या मेणाची, पण पिळाची वात कुठे मिळेल?

तांबट_आळी

मिळायची कशाला, देवाच्या समईची सुती वात चार पदरी वळून घ्या. आणि कापायला बोथट टोकाची कात्री ठेवा, बोंड डब्यात पडू देऊ नका. आरसा काळा होतो तो त्यानेच.